शाळा गावात, मूल फडात

बीड जिल्ह्यात वर्ष दोनदा सुरू होतं. शाळेचं जूनच्या मध्याला आणि साखर कारखान्याचं दसरा-दिवाळीच्या आसपास. जूनमध्ये मुलाचं नाव पुढच्या वर्गाच्या हजेरीपटावर चढतं. तोवर किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या आईबापांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती फेडायला दिवाळीच्या पुढेमागे घराला कुलूप लावून निघावं लागतं आणि परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. शाळेत खरं शिकवणं ज्या महिन्यांत होतं, नेमक्या त्याच महिन्यांत मूल सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा पार बेळगावकडच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत असतं.

शाळेबाहेरची मुलं, शाळेत असून न शिकणारी मुलं, स्थलांतर, बालविवाह, घरची आणि शाळेची भाषा, यंत्रांवर होणारा खर्च असे शिक्षणातले अनेक प्रश्न आज जगभर चर्चेत आहेत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, परळी, आष्टी या पट्ट्यात ते बहुतेक सगळे एकाच मुलाच्या वाट्याला येतात. जगातलं संशोधन या मुलाच्या बाजूने वाचून पाहिलं, तर काही निष्कर्ष बालाघाटच्या डोंगरातल्या एखाद्या वस्तीवर बेतल्यासारखे वाटतात. काही मात्र इथे उपयोगाला येत नाहीत, कारण मूल सलग एका जागी असतं हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

आधी आकड्यांचा घोळ. महाराष्ट्रात ऊसतोड मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात आणि त्यांतला सगळ्यांत मोठा वाटा बीडचा असतो, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मुलांची मोजणी याहून अवघड. युनेस्कोच्या हिशेबाने जगात सुमारे २७ कोटी मुलं-मुली शाळेबाहेर आहेत. बीडचं ऊसतोड मूल त्यात बहुधा धरलेलंच नसतं. त्याचं नाव पटावर आहे, आधार जोडलेला आहे, पुस्तकं मिळाली आहेत, परीक्षेच्या निकालातही ते पास आहे. कागदावर ते शाळेत आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची सुमारे वीस लाख मुलं वर्गात सापडली नाहीत. चर्चा झाली ती बोगस पटाची, संस्थाचालकांची आणि अनुदानाची. ती गरजेचीच होती. पण पटावर असून वर्गात नसलेल्या मुलांत आणखी एक प्रकारही असतो. ते मूल खरं असतं, नाव खरं असतं, फक्त मूल दुसऱ्या जिल्ह्यात असतं. पडताळणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. तीच जानेवारीत झाली असती तर बीडचं चित्र आणखी वेगळं दिसलं असतं, असं मला वाटतं.

युनेस्कोने २०१९ चा जागतिक शिक्षण अहवाल स्थलांतर आणि विस्थापन याच विषयावर काढला. त्यातला भारताचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१३ मध्ये ६ ते १४ वयाची १ कोटी ७ लाख मुलं अशा ग्रामीण कुटुंबांत राहत होती, ज्यांतलं कुणी तरी हंगामी स्थलांतर करत होतं. याच कुटुंबांतल्या १५ ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी २८ टक्के निरक्षर होती किंवा त्यांचं प्राथमिक शिक्षण पुरं झालेलं नव्हतं. एकूण तरुणांत हे प्रमाण १८ टक्के होतं. निर्वासितांच्या छावण्या आणि सीमा ओलांडणारे लोंढे यांच्या बरोबरीने उसाच्या फडाकडे जाणारी वाटही या प्रश्नात मोडते, एवढं त्या अहवालाने मान्य केलं.

आता मुद्दा असा की पाच महिने शाळा बुडाली तर नेमकं किती बुडतं? सरळ हिशेबाने पाच महिन्यांचं. पण हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा पाकिस्तानातून आला आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. शाळा पडल्या, सरासरी चौदा आठवडे बंद राहिल्या. मग मदत आली, घरं उभी राहिली, शाळा सुरू झाल्या आणि मुलं परत वर्गात गेली. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनिएल्स आणि जिष्णू दास या संशोधकांनी चार वर्षांनी तिथे जाऊन पाहिलं. घरांची आर्थिक स्थिती सावरली होती, मुलांची उपस्थितीही इतरांइतकीच होती. पण भूकंपाच्या भेगेजवळची मुलं अभ्यासात दूरच्या मुलांपेक्षा दीड-दोन वर्षं मागे होती. सव्वातीन महिन्यांची गैरहजेरी दीड वर्षाची कशी झाली? संशोधकांचा कयास असा की शाळा उघडल्यावर शिक्षकांनी अभ्यासक्रम जिथे असायला हवा तिथून पुढे नेला आणि मुलं जिथे थांबली होती तिथे कुणी परत गेलंच नाही. एकदा मागे पडलेलं मूल रोज वर्गात बसून रोज थोडं आणखी मागे पडत गेलं. आई शिकलेली होती त्या घरांतली मुलं मात्र या घसरणीतून बऱ्याच अंशी वाचली.

तिथे हे एकदा घडलं. बीडच्या मुलाच्या आयुष्यात असा भूकंप दर दिवाळीला होतो, आणि शिकलेल्या आईचं कवच त्याला क्वचितच असतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८२ पासून काही शाळकरी मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. कार्ल अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गरीब आणि सुखवस्तू मुलांमधली दरी शाळेच्या दिवसांत फारशी वाढत नव्हती. ती वाढत होती उन्हाळ्याच्या सुट्टीत. नववीत दिसणाऱ्या दरीपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांनी प्राथमिक वर्षांतल्या सुट्ट्यांच्या पदरात टाकला. पुढे पॉल फॉन हिप्पेल यांनी या निष्कर्षावर शंका घेतली. जुन्या चाचण्यांची मोजणीच सदोष होती, नव्या चाचण्यांत दरी तशी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. तो वाद अजून मिटलेला नाही. पण तो आहे अडीच महिन्यांच्या सुट्टीचा, आणि त्या सुट्टीत अमेरिकेतलं गरीब मूलही निदान स्वतःच्या घरी असतं. इथे सुट्टी पाच महिन्यांची आणि तीही कामाची. दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी टाकते. मुलगा वाढे गोळा करतो, बैलांकडे पाहतो, मोळ्या बांधायला हात लावतो. चौदा-पंधराव्या वर्षी तोच अर्ध्या कोयत्याला, म्हणजे एकट्याच्या तोडणीला, उभा राहतो.

यावर आपण काय काय केलं? इतिहास लहान नाही.

सर्वांत आधी शाळा मुलाच्या मागे नेण्याचा प्रयत्न झाला. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा सुरू झाल्या. औरंगाबादच्या 'जनार्थ' या संस्थेने हे काम मोठ्या पातळीवर उभं केलं. कल्पना सरळ होती. जिथे कोप्या तिथे पाचटाची नाही तर पत्र्याची शाळा, शिक्षकही शक्यतो मजुरांच्याच भागातला. अडचणीही सरळ होत्या. गाडीसेंटरची, म्हणजे बैलगाडीवाली, माणसं कारखान्याजवळ एका तळावर राहतात, पण ट्रॅक्टर आणि ट्रकच्या टोळ्या फडाफडाने हलतात. त्यांच्यामागे कुठवर धावायचं? जिथे साखरशाळा चांगली चालली तिथे कारखान्याच्या अध्यक्षांनी किंवा कार्यकारी संचालकांनी मनावर घेतलं होतं, आणि त्यांचं मन बदललं की शाळेची जागाही बदलायची. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मुलाला जवळच्या नियमित शाळेत दाखल करायचं, समांतर अनौपचारिक शाळा नको, असा रोख आला आणि साखरशाळा बंद होत गेल्या. तत्त्व म्हणून हे बरोबर होतं. पण प्रत्यक्षात तळापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत नोव्हेंबरात अचानक तीस अनोळखी मुलं येतात. तिथल्या शिक्षकाला त्यांचा वर्ग ठाऊक नसतो, आणि पहाटे चारला फडात गेलेल्या आईबापांना मुलांना शाळेत सोडायला सवड नसते. साखरशाळा मोडताना तिच्या जागी चालेल अशी दुसरी सोय उभी राहिली नाही. कायद्याची ही अनपेक्षित किंमत बीडच्या मुलांनी मोजली, असं माझं मत आहे.

त्याच कायद्यात या मुलांसाठी शब्द मात्र आहेत. कलम ४ प्रमाणे मागे राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि वर्गाच्या बरोबरीने आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत बदली हा त्याचा हक्क. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिली आहे. शिक्षण हमी पत्रक याच वाटेने आलं. मुलाबरोबर एक कार्ड द्यायचं, त्यावर त्याचा वर्ग आणि प्रगती लिहायची, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचं. अमेरिकेने हा प्रयोग साठ वर्षांपूर्वी केला आहे. १९६० मध्ये तिथल्या शेतमजुरांच्या हालांवर 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. १९६६ मध्ये फिरत्या शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा शिक्षण कार्यक्रम आला आणि त्यानंतर काही वर्षांत अर्कान्सासमधल्या लिटल रॉक इथे या मुलांच्या नोंदींची संगणकीय व्यवस्था उभी राहिली. ती १९९५ मध्ये बंद झाली. नोंदी उशिरा पोचायच्या, तोवर मूल पुढच्या शेतावर गेलेलं असायचं. पुढे तिथे नवी व्यवस्था आली. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. कार्डापेक्षा कार्ड वाचणारा माणूस महत्त्वाचा. ते कार्ड हातात घेऊन दुसऱ्या दिवशी मुलाला शोधत तळावर जाणं हे ज्याचं काम आहे असा कुणी पलीकडच्या जिल्ह्यात नसेल, तर कार्ड पेटीतच राहतं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात 'बालरक्षक' शिक्षकांची चळवळ सुरू झाली, ती या दृष्टीने योग्य दिशेची होती. काही शिक्षकांनी खरोखर जीव ओतून मुलं गावातच थांबवली. पण ज्या कामाला स्वतंत्र वेळ नाही आणि पैसा नाही, ते काम चांगल्या माणसांच्या खांद्यावर किती वर्षं चालणार?

दुसरा मार्ग उलट दिशेचा. मूल फडात जाऊच द्यायचं नाही, त्याला गावातच ठेवायचं. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, हंगामापुरती जेवणाराहण्याची सोय. बऱ्याच गावांत प्रत्यक्षात दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे, अशी व्यवस्था असते. मला त्यात वावगं वाटत नाही. उलट आठ वर्षांच्या मुलाला रात्री आजीचं अंथरूण बरं. वावगं आहे ते मंजुरीचं वेळापत्रक. माणसं ऑक्टोबरात निघतात आणि वसतिगृहाचा आदेश नोव्हेंबर उजाडल्यावर येतो, ही तक्रार दरवर्षीची. ट्रॉलीत बसलेलं मूल नंतर आलेल्या आदेशाने खाली उतरत नाही. त्याला ठेवायचं की न्यायचं, हा निर्णय आईने पंधरा दिवस आधीच घेतलेला असतो.

जून २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. हे चांगलं पाऊल आहे, कारण ते हंगामी नाही. शिरूर कासार तालुक्यात आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभं केलेलं 'शांतिवन' ऊसतोड मजुरांच्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांना सांभाळून शिकवतं. निवासी सोय खरी असेल तर ही मुलं कुठवर जाऊ शकतात हे तिथे दिसतं. शेजारच्या तेलंगणात 'एम. व्ही. फाउंडेशन'ने निवासी सेतुशिबिरांतून कामावरची मुलं शाळेत आणली आणि त्या कामासाठी शांता सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथली भूमिका ठाम होती. शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे बालमजूरच समजायचं, मग ते मजुरीवर असो की घरी भावंडं सांभाळत असो.

वसतिगृह म्हणजे सगळ्यावर उतारा, असंही नाही. जगाचा अनुभव इथे सावध करतो. मंगोलियात पशुपालकांच्या मुलांसाठी निवासी शाळांची जुनी आणि नावाजलेली परंपरा होती. १९९० च्या दशकात अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा पालकांनी मुलांच्या जेवणापोटी मांस द्यावं अशी अट आली, आणि गरीब घरांतली मुलं शाळेतून बाहेर पडली. अट काढल्यावरच गाडी रुळावर आली. चीनमध्ये आईबाप शहरात कामाला आणि मूल गावात, अशी सुमारे सहा कोटी मुलं २०१० च्या जनगणनेवरून मोजली गेली. तिथे २००० नंतरच्या दहा वर्षांत गावोगावच्या छोट्या प्राथमिक शाळा निम्म्याहून जास्त बंद करून मुलांना मोठ्या निवासी शाळांत हलवलं. शान्शी प्रांतात तपासणी झाली तेव्हा अशा निवासी शाळांत कुपोषण आढळलं. त्याच देशातल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात मात्र अनपेक्षित गोष्ट दिसली. मागे ठेवलेली मुलं आणि आईबापांबरोबर गावात राहणारी मुलं यांच्यात अभ्यासाचा आणि तब्येतीचा फारसा फरक नव्हता. दोघंही सारखीच मागे होती. आईबाप दूर असणं वाईटच, पण गावातली शाळा आणि ताटातलं अन्न वाईट असेल तर आईबाप जवळ असूनही फार काही वाचत नाही.

चीनचा पहिला धडा महाराष्ट्राने नीट वाचायला हवा, कारण २०२३ पासून आपल्याकडेही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करण्याचं घाटत आहे. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार. बीडच्या वस्त्या-तांड्यांवर पट कमी होण्याचं एक कारण स्थलांतर हेच आहे. मूल पाच महिने नसतं म्हणून शाळा बंद, आणि शाळा लांब गेली म्हणून ते उरलेले महिनेही जाणार नाही. हा हिशेब मुंबईत बसून फायद्याचा दिसेल.

मुलींकडे वळलं की प्रश्नाचं रूपच बदलतं. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला अर्धा कोयता. जोडी झाली की उचल दुप्पट. वयात आलेल्या मुलीला कोपीत ठेवायची भीती, गावात ठेवायची तर सांभाळायला कोण, आणि लग्न लावलं तर सासरी एक कोयता पुरा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. जन्माआधी नकोशी, आणि जन्मली तर लवकर लग्नाची. तिच्या शाळेचा प्रश्न या दोन आकड्यांच्या मधोमध अडकला आहे.

इथे जगातलं संशोधन बरंच काही सांगतं. मेक्सिकोने १९९७ मध्ये मूल शाळेत जात असेल तर आईच्या हातात पैसे देणारी 'प्रोग्रेसा' योजना सुरू केली. माध्यमिक वर्गात मुलींची रक्कम मुलांपेक्षा थोडी जास्त ठेवली, आणि नोंदणीत वाढ झाली ती तिथेच सगळ्यांत ठळक. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि फायदा सर्वाधिक झाला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांना. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या एसटी गाड्या आणि सायकली याच जातीच्या. त्या जिथे वेळेवर धावतात तिथे आठवीनंतरची गळती थांबते, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. दुसरीकडे गरीब मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया देण्याची नव्वदच्या दशकातली योजना. तेव्हाही रुपया लहानच होता, आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी तो रुपयाच राहिला. लाखाच्या घरातल्या उचलीसमोर एक रुपया उभा करायचा आणि पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणायचं, हा प्रामाणिकपणा नव्हे.

मूल वर्गात आहे असं धरून पुढे जाऊ. ते शिकतं का? 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून हाच एक प्रश्न घेऊन घरोघरी जाते. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. म्हणजे वर्षभर गावात राहणाऱ्या मुलांचीही ही गत. उपाय म्हणून जगाने खूप काही करून पाहिलं आहे. केनियात नुसती पाठ्यपुस्तकं वाटली तेव्हा फायदा फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांचा झाला. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. पेरूने लाखो मुलांना लॅपटॉप दिले. २०१२ च्या मूल्यमापनात भाषा आणि गणितात फरक पडलेला दिसला नाही. आपल्याकडच्या शाळांत 'डिजिटल' म्हणून बसवलेले आणि आता विजेच्या बिलामुळे झाकून ठेवलेले पडदे आठवले तर यात नवल वाटू नये.

जे चाललं ते साधं निघालं, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. मुंबईत आणि बडोद्यात 'प्रथम'च्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना गावातली-वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी वेगळं बसवून त्यांच्या पातळीवरून शिकवायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तो तपासला; मायकेल क्रेमर यांच्यासह त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं त्यामागे अशा कामांची मालिका होती. वर्ग किंवा वय न पाहता, मुलाला काय येतं ते पाहून गट करायचे आणि तिथून शिकवायचं. पुढे बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली आणि वाचन सुधारलं. पण तेच शिक्षक शाळेच्या दिवसांत तीच पद्धत वापरू शकले नाहीत, कारण अभ्यासक्रम संपवायची घाई. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा किंवा वीस दिवसांच्या शिबिरांतून, सगळे मिळून पन्नासएक दिवसांत, वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

बीडच्या मुलाला काहीच येत नसतं असंही नाही. उचलीतून किती फिटलं, टनाचा भाव काय, खाडा पडला तर किती कापले, हे हिशेब कोपीतल्या पोरांच्या तोंडावर असतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं मनात अवघड हिशेब बिनचूक करताना दिसली, पण तेच गणित पुस्तकाच्या रूपात आलं की अडली. शाळेतल्या मुलांची गत उलटी, वहीत जमतं पण बाजारात नाही. ब्राझीलमधल्या फेरीवाल्या मुलांबद्दल हेच १९८५ मध्ये लिहिलं गेलं होतं. परत आलेल्या मुलाची चाचणी घेताना हे ध्यानात धरलं तर ते शून्यावर उभं दिसणार नाही. भाषेचंही तसंच. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी आणि हंगाम कर्नाटकात गेला तर कानावर कन्नड. बेळगावकडच्या कानडी शाळेत त्याला बसवलं की कायद्याची पूर्तता होते, शिक्षण होत नाही.

आता या सगळ्यातून बीडसाठी काय घ्यायचं? माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेला भाग परतीचा आहे. पट्टा पडतो मार्च-एप्रिलात. मूल गावात येतं तेव्हा शाळेत परीक्षेची धांदल असते. ते परीक्षेला बसतं किंवा बसवलं जातं, पुढच्या वर्गात ढकललं जातं आणि शाळेला सुट्टी लागते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मूल गावात, आईबाप गावात, शाळेची खोली रिकामी आणि शिकवणं शून्य. वर्षातला हा एकच काळ असा, जेव्हा मूल हमखास सापडतं. नेमका तोच आपण बंद ठेवला आहे. जूनमध्ये वर्ग सुरू होतो तो पुढच्या इयत्तेच्या पहिल्या धड्यापासून. पाकिस्तानात जे घडलं ते इथे दरवर्षी, वेळापत्रक आखून घडवलं जातं.

पैशाचं कारण पुढे करता येणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. महाराष्ट्रात हंगामाला साधारण साडेआठ ते साडेदहा कोटी टन ऊस गाळला जातो. नियमाने वसुली झाली तर ही रक्कम दोन्ही मिळून दीड-दोनशे कोटींच्या घरात जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही संप आणि लवादाच्या घासाघाशीनंतर. त्या बैठकांत टनाचा भाव, मुकादमाचं कमिशन, विमा यांवर बोलणं झालं. मुलांच्या शाळेचा मुद्दा करारात बंधनकारक कलम म्हणून यायला हवा, आणि तो आणण्याची जबाबदारी संघटनांचीही आहे. तोडणी यंत्रं वाढत आहेत. ती आली की मुलं आपोआप शाळेत जातील अशी समजूत करून घेणाऱ्यांनी एवढंच पाहावं की मजुरी गेलेल्या घरातलं मूल आधी कुठे जातं.

जिल्हा परिषदेने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. हंगामी वसतिगृहांची मंजुरी गणपतीच्या आत द्यावी आणि ती कुणाला हवी आहेत हे उचल वाटली जाते त्या महिन्यातच गावोगाव विचारून ठेवावं. ज्या शाळांतून निम्म्याहून अधिक मुलं जातात, त्या शाळांत १५ एप्रिल ते ३१ मे रोज सकाळी सात ते दहा या वेळात वाचन-गणिताची शिबिरं घ्यावीत. कलम ४ मधल्या विशेष प्रशिक्षणाचा आधार त्याला आहे. उन्हाचा कडाका आणि टँकरचं पाणी लक्षात घेऊन तीन तास पुरेत. गावातल्याच बारावी झालेल्या, शक्यतो ऊसतोड घरातल्या मुलींना त्याचं मानधन महामंडळाच्या पैशातून द्यावं आणि शालेय पोषण आहार त्या दिवसांतही चालू ठेवावा. पहिल्या वर्षी एकच तालुका घ्यावा. धारूर घ्या किंवा वडवणी. मुलाला एप्रिलात काय येत होतं आणि जूनमध्ये काय येतं, हे मोजून तो निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.

पुढचा पट्टा पडेल तो मार्चमध्ये. त्याआधी फेब्रुवारीच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय घेता येतो.